जागेवरची सायकल रस्त्यावर येते तेव्हा

१० एप्रिल २०१६. पॅरिस-रूबे शर्यतीचे आघाडीचे पाच सायकलपटू रूबेच्या व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या धावपट्टीवर, शिरले, तेव्हा त्यांच्या मागे अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता होता आणि त्यातला पन्नासेक किलोमीटरचा भाग ओबडधोबड दगडी फरसबंदीचा होता. पाचांत बेल्जियमचा टॉम बोनेन होता. त्यानं ही शर्यत चार वेळा जिंकली होती आणि पाचव्यांदा जिंकला असता तर तो विक्रम ठरला असता. जिंकला मात्र ३७ वर्षांचा ऑस्ट्रेलियन मॅथ्यू हेमन. त्याचं नाव संभाव्य विजेत्यांच्या कुठल्याच यादीत नव्हतं, कारण फेब्रुवारीच्या शेवटी बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडून त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं. हात बरा होईपर्यंत त्यानं घरच्या गॅरेजमध्ये ट्रेनर नावाच्या स्थिर यंत्रावर सायकल बसवली आणि समोरच्या पडद्यावर झ्विफ्ट हे आभासी रस्ते दाखवणारं ॲप लावून आठवडेच्या आठवडे जागच्या जागी पायडल मारली. रूबेच्या आदल्या आठवड्यात स्पेनमधल्या दोन छोट्या शर्यती झाल्या, तेवढाच त्याचा रस्त्यावरचा सराव.

घरात सायकल मारणाऱ्या जगभरच्या लोकांना ही गोष्ट पाठ आहे. ट्रेनर विकणाऱ्यांना तर ती हवीच असते. पण ती सांगताना एक तपशील बहुधा गळतो: हेमन त्या दिवशी पॅरिस-रूबे पंधराव्यांदा धावत होता. पायांतला दम गॅरेजनं टिकवला हे खरंच. दगडांवर हँडल किती सैल धरायचं, पुढचा सायकलपटू घसरला तर कुठून वाट काढायची, हे मात्र आधीच्या चौदा वर्षांनी त्याच्या अंगात मुरवलं होतं. खोलीतून रस्त्यावर येऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात.

महाराष्ट्रात आज असे लोक पुष्कळ आहेत. २०२० च्या टाळेबंदीत जिम बंद पडल्या आणि सायकलींना एकाएकी मागणी आली. देशातल्या सायकल उत्पादकांच्या संघटनेनं त्या वर्षीच्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ४१ लाखांहून अधिक सायकली विकल्या गेल्याचं सांगितलं होतं. त्याच काळात घराघरांत व्यायामाच्या सायकलीही आल्या. मग जिम उघडल्या, तिथल्या जागेवरच्या सायकलींवरचे स्पिनिंगचे वर्ग पुन्हा भरू लागले. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आता असा एक वर्ग तयार झाला आहे, जो पाऊण तास घाम गाळून सायकल मारतो, ज्याचं हृदय आणि मांड्या भक्कम झाल्या आहेत, आणि ज्यानं शाळा सुटल्यापासून खऱ्या सायकलवर टांग टाकलेली नाही. यातल्याच कुणाला तरी एक दिवस सिंहगडाचा पायथा गाठावासा वाटतो.

मुळात ही स्पिनिंगची सायकल रस्त्याच्या भीतीतूनच जन्माला आली. स्पिनिंग या व्यायामप्रकाराचा जनक जॉनी गोल्डबर्ग दक्षिण आफ्रिकेतून कॅलिफोर्नियात गेलेला सायकलपटू. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या खंड ओलांडणाऱ्या शर्यतीची तयारी करत होता. रात्रीच्या सरावात एका गाडीखाली येता येता तो वाचला आणि मग घरातच तसाच दमदार सराव होईल अशी सायकल त्यानं घडवायला घेतली. पुढे श्विन कंपनीनं ती बाजारात आणली आणि नव्वदच्या दशकात जगभरच्या जिममध्ये अंधाऱ्या खोल्या, मोठ्यानं संगीत आणि ओरडणारे प्रशिक्षक दिसू लागले. २०१४ साली झ्विफ्ट आलं. पडद्यावर डोंगर आला की ट्रेनर आपोआप जड होतो. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या एकवीस वळणांचा चढसुद्धा तिथं बेतून ठेवला आहे. चढाची मेहनत अगदी खरी असते, पण त्या एकवीस वळणांपैकी एकाही वळणावर चालवणाऱ्याला सायकल वळवावी लागत नाही.

फरक इथून सुरू होतो.

उजवीकडे वळायचं असेल तर सायकलस्वार हँडल आधी किंचित डावीकडे नेतो. त्यामुळे चाकं डावीकडे सरकतात, शरीर उजवीकडे झुकतं आणि मग वळण घेता येतं. सायकल येणारे सगळे जण हे करतात आणि जवळपास कुणालाच ते ठाऊक नसतं. विमान उडवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइटनं अनेक सायकलस्वारांना ‘तुम्ही वळता कसे?’ असं विचारून पाहिलं होतं, आणि नेमकं उत्तर त्याला मिळालं नव्हतं. सायकल स्वतःचा तोल कशी सांभाळते, याचं कोडं तर आपल्या काळापर्यंत रेंगाळलं. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि पुढचं चाक हँडलच्या अक्षरेषेच्या किंचित मागे जमिनीला टेकणं ही त्याची दोन कारणं शंभर वर्षं सांगितली जात होती. २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक सायकल बनवली आणि ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं, की ढकलून सोडल्यावर तीसुद्धा स्वतःला सावरते.

सांगायचा मुद्दा असा, की तोल ही शरीरानं शिकून ठेवलेली आणि सतत चालू असलेली क्रिया आहे. स्पिन सायकलचा पाया जमिनीला धरून असतो, त्यामुळे ही क्रिया तिथं झोपून राहते. महिनोन् महिने जोर वाढतो आणि तोल होता तिथंच राहतो. म्हणून नवखा माणूस रस्त्यावर आला की त्याचे खांदे आखडतात, मुठी आवळल्या जातात आणि हँडल डुगडुगू लागतं. दम लागायच्या आधी मान दुखते. पाय कमी पडल्यामुळे तो थकत नाही. ज्या स्नायूंना महिनोन् महिने कुणी हाक मारली नव्हती, ते थकतात.

दुसरी गोष्ट जड फ्लायव्हीलची. स्पिन सायकलचं पायडल सहसा थेट त्या चाकाला जोडलेलं असतं. पाय थांबवले तरी चाक पायांना ओढत नेतं. रस्त्यावरच्या सायकलला मात्र पाय थांबवून नुसतं घरंगळता येतं, आणि कधी थांबायचं, कधी मारायचं हे चालवणाऱ्यालाच ठरवावं लागतं. जिममधून आलेला माणूस उतारावरही पाय फिरवत राहतो आणि चढ सुरू झाल्यावर, भार आलेल्या चेनवर, गिअर बदलायला जातो. खडखड आवाज येतो, कधी चेनच उतरते. गिअर चढाच्या आधी हलका करायचा असतो. त्यासाठी पुढचा चढ डोळ्यांना दिसावा लागतो, आणि जिममध्ये समोर भिंत असते.

वाऱ्याचं गणित उलटं आहे. खोलीत वारा नसतो, म्हणून घाम जास्त येतो. माणसाच्या शरीराला मिळालेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोचते आणि बाकीची उष्णता होते. पायडलवर १५० वॅट देणारा माणूस त्याच वेळी साडेचारशे ते सहाशे वॅटची उष्णता खोलीत सोडत असतो. पंखा नसेल तर शरीर तापतं आणि हृदयाचे ठोके चढे राहतात. बाहेर वारा अंग गार करतो, पण तोच वारा अडवतोही. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनानं, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती हवी. जिमच्या आकड्यांवर विसंबलेला माणूस सोलापूर रस्त्याच्या सपाटीवर समोरच्या वाऱ्यात सापडतो, तेव्हा आपलीच ताकद त्याला अनोळखी वाटू लागते. दुसऱ्याच्या चाकामागे राहून ती वाचवायची असते. पण ते करायला पुढच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवता आलं पाहिजे, आणि हे तर कुठल्याच यंत्रावर शिकता येत नाही.

हे व्यावसायिक पातळीवरही स्पष्ट दिसलं. २०१६ मध्ये झ्विफ्टनं कॅनियन-स्राम या महिला संघासोबत एक निवड-स्पर्धा घेतली. बक्षीस होतं संघाशी व्यावसायिक करार. अमेरिकेतल्या लिटल रॉकची मॅरेथॉनपटू लिया थॉरविल्सन दुखापतींमुळे धावणं सोडून सायकलकडे वळली होती. तिनं हजारभराहून अधिक स्त्रियांमधून ही जागा मिळवली. तिच्या दमाबद्दल कुणालाच शंका नव्हती. कठीण गेलं ते शेकडो चाकांच्या दाटीत, युरोपच्या अरुंद रस्त्यांवर, खांद्याला खांदा लावून ताशी ४०-५० किलोमीटरनं जाणं. बाकीच्या बऱ्याच जणी हे किशोरवयापासून करत आल्या होत्या. तिनं दोन मोसम नेटानं काढले. यंत्रावरून थेट शर्यतीत उतरण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होता आणि त्याची किंमत तिनं स्वतःच्या अंगावर घेतली, म्हणून तिच्याबद्दल आदरच वाटतो.

ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनचं नाव या संदर्भात सगळ्यात जास्त घेतलं जातं. २०२० ची झ्विफ्ट अकादमी ही निवड-स्पर्धा जिंकून तो अल्पेसिन-फेनिक्स संघात गेला. २०२२ च्या स्पेनमधल्या व्हुएल्टा स्पर्धेत त्यानं डोंगरमाथ्यावर संपणारे दोन टप्पे जिंकले आणि ‘डोंगरांचा राजा’ हा किताबही त्याच्याकडेच येणार असं दिसत होतं. अठराव्या टप्प्यात तो पडला आणि स्पर्धेबाहेर गेला. एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर बऱ्याच जणांचा मोठा अपघात झाला. त्यात व्हाइनचे मणके मोडले. त्याच वर्षीच्या व्हुएल्टामध्ये तो पुन्हा उतरला आणि या वेळी मात्र किताब घेऊनच परतला. त्याची ओळख ‘खोलीतून आलेला विजेता’ अशी करून दिली जाते, पण तो त्याआधी डोंगरी सायकलिंग करायचा आणि ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत शर्यतीही धावला होता. हेमनसारखंच इथंही आहे: पडद्यानं त्याला निवडून दिलं, चालवायला मात्र मातीनं शिकवलं.

आपल्याकडे पुण्यात रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्यावर, बोपदेव आणि दिवे घाटात, जुन्या कात्रज घाटात सायकलींची रांग दिसते. नाशिकचे लोक कसाऱ्याकडे निघतात, वाईचे पसरणी घाट चढून पाचगणीला जातात. मुंबईकरांना सागरी सेतूवर सायकल नेता येत नाही, अटल सेतूवर नाही आणि द्रुतगती मार्गावरही नाही. त्यांच्यासाठी जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्यावरचा बोरघाट. याच बोरघाटानं मुंबई-पुणे सायकल शर्यतीला ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या सायकलपटूंची नावं त्या किताबानं घरोघर पोचवली.

नवख्यानं मात्र पहिल्याच रविवारी घाटाकडे जाऊ नये. चढ चढणं त्याला जमेलही, कारण चढावर वेग कमी असतो आणि तिथं जिमची ताकद थेट कामी येते. धोका उतरताना आहे. ताशी २५ किलोमीटरला सायकल सेकंदाला सात मीटर जाते, ५० ला चौदा. ब्रेक लावून थांबायला लागणारं अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. ज्यानं वर्षभर ब्रेकचा लिव्हर हातात धरलेला नाही, तो वळणात शिरल्यावर घाबरून करकचून ब्रेक लावतो, आणि नेमका तेव्हाच टायरला रस्ता धरून ठेवायचा असतो. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून जिथं जायचं तिथंच पाहायचं. खड्ड्याकडे टक लावली की सायकल खड्ड्यातच जाते, हे प्रत्येक जुना सायकलवाला सांगेल.

म्हणून जाणते लोक नव्या माणसाला आधी मोकळ्या मैदानात नेतात. तिथं एका हातानं हँडल धरून सरळ जाणं, खांद्यावरून मागे पाहताना रेघ न सोडणं, अगदी सावकाश वेगात तोल राखणं, पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा लावून पाहणं, असा सराव होतो. सायकल थांबताना वजन पुढे सरकतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, पण तो एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो. ही दाबाची जाण बोटांना यावी लागते. बुटाला अडकणारी पायडल जिममध्ये वापरलेली असली तरी रस्त्यावर पहिले काही आठवडे साधी पायडलच बरी. सिग्नलला पाय वेळेत सुटला नाही तर माणूस उभ्या जागी आडवा होतो आणि मनगट मोडायला तेवढं पुरतं.

त्यानंतर येतो आपला रस्ता, आणि तो युरोपातल्या पुस्तकांतला नाही. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांबट फट सायकलचा बारीक टायर गिळते. वळणावर बांधकामाची बारीक खडी साचलेली असते. रंग न मारलेला गतिरोधक पहाटेच्या अंधारात दिसत नाही. रेल्वे फाटकात रूळ काटकोनातच ओलांडावे लागतात, नाहीतर चाक रुळाला धरून घसरतं. उभ्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून तिच्यापासून मीटरभर लांब राहायचं. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की दौंड, बारामती, फलटण, कऱ्हाड ते कोल्हापूरपर्यंत एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसानं ओसंडून चाललेल्या असतात. पुष्कळांना मागचा दिवा नसतो. रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी पुढच्या चाकाखाली आली तर सायकल हातातून जाते. त्या भागातले सायकलवाले हंगामात उजाडल्याशिवाय निघत नाहीत, आणि नव्यानं तिकडे जाणाऱ्यानं त्यांचंच ऐकावं.

गटात चालवण्याची एक भाषा असते. पुढचा माणूस हात खाली करून खड्डा दाखवतो, ‘गाडी मागे’ अशी हाळी पुढच्यांपर्यंत पोचते, थांबायचं असेल तर हात वर जातो. ती बोलता येत नसेल तर गटात शेवटी राहावं आणि ती शिकेपर्यंत कुणाच्या चाकाला चिकटू नये.

स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि घरातल्या सायकलबद्दल लिहिताना ती टाळली तर लेख अपुरा राहील. रस्ता मोकळा असतो तो पहाटे पाच-साडेपाचला. त्या वेळी एकटीनं निघणं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून हायवेवरच्या चहाच्या टपरीवर उभं राहणं, पन्नास किलोमीटरांत एकही वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह न सापडणं, मोटरसायकलवरून पाठलाग करणाऱ्यांचे शेरे, हे सगळं पत्करून रस्त्यावर यायचं असतं. शिवाय सातच्या आत घरी परतून डबे करायचे असतात. अशा बाईनं घरातली सायकल निवडली तर तिला रस्त्याची भीती वाटते म्हणणं अन्यायाचं आहे. तिला वेळ आणि सोबत हवी आहे. म्हणूनच गावोगावचे गट बायकांसाठी वेगळी, उजेडातली, छोट्या पल्ल्याची राईड ठेवतात, तेव्हा पुष्कळ जणी त्यातून बाहेर येतात. ही साधी सोय कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी आहे.

रस्त्यावर स्थिरावलेल्यांना पुढे लांबचा पल्ला खुणावतो. नाशिकहून सायकलवरून पंढरपूरची वारी निघते. पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे ६४५ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत होते. आणि ज्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’च्या तयारीतून गोल्डबर्गची स्पिन सायकल जन्मली, त्याच शर्यतीत महाराष्ट्रानं आपलं नाव लिहिलं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ती सुमारे साडेआठ दिवसांत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि त्यांच्यापाठोपाठ काही तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हे सुमारे ४,८०० किलोमीटर एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पार केले. सगळे डॉक्टर, सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळणारे. अशा पल्ल्यात पायांइतकंच काम झोपेचं, जेवणाचं आणि सीटवर जखम होऊ न देण्याचं असतं.

ट्रेनर अडगळीत टाकायचं मात्र कारण नाही. जुलै-ऑगस्टात ताम्हिणी घाटात दरड आणि धुकं असतं, शहरात खड्डे पाण्याखाली गेलेले असतात, तेव्हा जाणते सायकलपटूही घरातच पायडल मारतात. मोजून जोर लावायचा सराव सिग्नल आणि रिक्षांच्या मध्ये नीट होतही नाही. दुखापतीनंतर पाय परत चालते करायला तर घरातली सायकलच बरी.

आणि रस्त्याकडूनही काही मागितलं पाहिजे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. प्रत्यक्षात सायकल ट्रॅकवर जागोजागी गाड्या उभ्या असतात, मध्येच विजेचा खांब येतो, चौकापाशी ट्रॅक संपून जातो. त्यामुळे सायकलवाला मुख्य रस्त्यावर बसच्या बाजूला येतो आणि दोष त्याच्याच माथी बसतो. वर्षभर जिममध्ये घाम गाळलेल्या, हेल्मेट घालून, मागे लाल दिवा लावून निघालेल्या माणसाला शहरानं सलग चार किलोमीटरसुद्धा सुरक्षित देऊ नयेत, ही गोष्ट चीड आणणारी आहे.

दिवाळीनंतर महाराष्ट्रात सायकलीचा मोसम भरात येतो. हवा कोरडी, सकाळ गार, घाटातलं शेवाळ वाळलेलं. ऑडॅक्स इंडियाच्या गावोगावच्या क्लबांचं ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पार करण्याच्या राईडचं, वेळापत्रक लागतं. सगळ्यात छोटा पल्ला २०० किलोमीटरचा, मुदत साडेतेरा तास. म्हणजे सरासरी ताशी पंधरा किलोमीटर पुरतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा कुणी काढत नाही. पण त्या साडेतेरा तासांत पंक्चर स्वतः काढावं लागतं, मिसळ खाऊन पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्या लागतात, समोरचा वारा पडायची वाट पाहावी लागते, आणि ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घेऊन पुन्हा सीटवर बसावं लागतं. जिमच्या पाऊण तासाची सवय झालेल्या माणसानं तिथं नाव नोंदवण्याआधी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत, आणि त्यातला पहिला महिना मैदान, ब्रेक आणि शहरातले रिकामे रस्ते यांना द्यावा.